पोर रडत नाय

सर, मला झोप नाय. पोर झाल्यापासून डोळ्याला डोळा लागला नाय. बाकीच्या बायांना पोर रडतं म्हणून झोप नसते, मला माझं रडत नाय म्हणून नाय. बाहेर आलं तेव्हा मांजरीच्या पिल्लाएवढा आवाज केला, सुईणीनं पाठ चोळली, मग अजून एकदा केला, आणि मग जे गप्प झालं ते गप्पच. दूध ओढत नाय. तोंडात दिलं तर ओठ लावतं आणि तसंच झोपतं, कुठून तरी लांबून चालत आल्यासारखं. मी दूध पिळते आणि कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब सोडते, त्यातलं अर्धं गालावरून खाली जातं. पाय गार लागतात. मी सारखी नाकाखाली बोट धरून बघते. बोटाला श्वास लागला की बरं वाटतं, मग थोड्या वेळानं परत भीती वाटते, मग परत बोट धरते. घरात सगळे खूश आहेत. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "गुणाची पोर आलीय, आईला तरास नाय देत." शेजारची म्हातारी काठी टेकत आली, बघून म्हणाली, "माझ्या येळंला असं एक नाय झालं, सगळी बोंबलणारी. दे मला ही, मी सांभाळते." सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण सर, मला गप्प पोराची भीती वाटते. ही भीती माझ्या अंगात तुमच्यामुळं आली, म्हणून तुम्हालाच लिहिते.

आता उजाडलंय. कुडाच्या भिंतीतून उजेडाच्या रेघा अंथरुणावर आल्यात. सासू चुलीपाशी फुंकतेय, सासरा ओटीवर कोंबड्यांचे पाय बांधतोय, आज मोखाड्याचा बाजार आहे. मी लिहिते कारण हात थांबला की डोळे मिटतात, आणि मी झोपले तर नाकाखाली बोट कोण धरणार. कागद म्हणजे मागच्या निवडणुकीची पत्रकं आहेत, एका बाजूनं हात जोडलेला माणूस, दुसऱ्या बाजूनं कोरी. सासऱ्यानं चूल पेटवायला ठेवली होती. पेन्सिल नणंदेच्या पोराची. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, तुम्ही म्हणायचात कोंबडीनं पाय बुडवून चालल्यासारखं. तेवढंच राहिलं, पुढं शिकले नाय.

पोराला तुमच्या मोज्यात घातलंय. तो लाल मोजा, गुडघ्यापर्यंत येणारा, जाड. तुम्ही जोडी दिली होती, एक उंदरानं खाल्ला. लग्न करून इकडं आले तेव्हा बोचक्यात हा एक आणला, का आणला ते मला पण कळलं नव्हतं, एक मोजा कोणाच्या कामाचा. आता पोर त्यात पायापासून काखेपर्यंत मावलीय. मुलगी आहे, सर. वरून माझं जुनं लुगडं गुंडाळलं आणि उघड्या छातीशी धरून बसलेय. दवाखान्याकडच्या आशाताईनं सांगितलं होतं, लवकर झालेलं पोर अंगाला लावून धरायचं, आईच्या अंगाची ऊब चुलीपेक्षा चांगली. सासू मोज्याकडं बघून म्हणाली, "हा कसला झगा?" मी म्हणाले, "सरांचा."

तुम्ही पहिल्यांदा मला बघितलं ते मैदानावर नाय, शेतावर. तुम्हाला आठवत असेल का, मला माहीत नाय, पण मी कितीदा आठवलंय. दिवाळीची सुट्टी होती, मी आणि दादा आश्रमशाळेतून घरी आलो होतो. तुम्ही दादाला बघायला आमच्या पाड्यावर आलात, कारण तो तुमच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होता आणि सुट्टीत झाडावरून पडून त्यानं हात मोडून घेतलाय असं तुम्हाला कोणी तरी सांगितलं होतं. हात काय मोडला नव्हता, नुसता सुजला होता. मी वरईच्या खाचराच्या तोंडाशी उभी होते. कुंपण एका जागी तुटलं होतं आणि बकऱ्या आत घुसायला बघत होत्या. बाकीची पोरं बकऱ्यांच्या मागं धावतात, दगड मारतात, आणि तेवढ्यात दुसरी बकरी आत जाते. मी धावत नव्हते. मी त्या भगदाडापाशी उभी राहून बकरीच्या तोंडाकडं बघत होते. ती इकडं वळली की मी एक पाऊल इकडं, ती तिकडं की मी तिकडं. तुम्ही बांधावर उभे राहून बघत होता, मला वाटलं सर बकरी विकत घ्यायला आलेत. मग तुम्ही बाबाला विचारलं, "ही पण शाळेतच आहे ना? हिला मैदानावर पाठवा."

बाबा म्हणाला, "पोरीची जात ती. लाथा मारायला शिकून काय करील?"

"लाथा पुढचे मारतात," तुम्ही म्हणालात. "हिनं फक्त उभं राहायचं आणि वाट अडवायची. ते तिला येतंय, मला शिकवायला पण नको."

बाबा हसला. म्हणाला, "मग बकऱ्या कोण बघणार, तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "सुट्टीत मी येतो." आणि खरंच आलात की, होळीला. बकऱ्यांनी तुमचं काही ऐकलं नाय. तुमच्या त्या गुडघ्यानं तुम्ही वळायच्या आत काळी बकरी पलीकडं. आई तोंडाला पदर लावून हसत होती आणि तुम्ही बांधावर बसून म्हणालात, "बघ, म्हणून मी आता नुसता सांगतो, खेळत नाय."

तुमच्या गुडघ्याची गोष्ट मी स्वयंपाकघरात ऐकली. आश्रमशाळेचं ते स्वयंपाकघर, धुरानं काळं झालेलं, दोन मोठ्या चुली, आणि मागच्या पायरीवर तुम्ही पाय लांब करून बसलेले. तांदूळ निवडायची माझी पाळी असायची तेव्हा तुम्ही मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून गुडघा शेकत असायचात आणि स्वयंपाकवाली मावशी तुम्हाला बोलायची, "सर, माझ्या पाण्याचा पगार वेगळा द्या." तुम्ही चहा पीत सांगायचात. तुम्ही पण इकडचेच, मोखाड्याच्या पलीकडं कुठल्या पाड्यातले, अनवाणी खेळत वसतिगृहात मोठे झालात. मग मुंबईच्या एका कंपनीनं तिच्या टीमसाठी नेलं. दिवसा मशीनवर काम, संध्याकाळी मैदान. तुम्ही मागं खेळायचात, गोलाच्या पुढं, शेवटचा माणूस. "पुढच्यांचं नाव पेपरात यायचं," तुम्ही म्हणालात. "मागच्याचं नाव कधी येतं माहीत आहे? गोल खाल्ला की." मावशीनं विचारलं, "तुम्ही किती गोल केलेत?" तुम्ही म्हणालात, "एक." मी तांदूळ निवडायची थांबले. "एकच?" "एकच. आणि तो पण आपल्याच गोलात." मावशी हसता हसता खाली बसली. तुम्ही पण हसलात. मग एका पावसात चिखलात आडवे गेलात, बॉल निघाला पण गुडघा तिथंच राहिला. कंपनीनं थोडे दिवस ठेवलं, मग टीम बंद केली. तुम्ही एसटीनं घाट चढून परत वर आलात, पिशवीत बूट आणि हे लाल मोजे. इथं रोजंदारीवर खेळाचे सर झालात. मला तेव्हा वाटायचं, मुंबईहून कोणी परत येतं का. आता कळतं, येतात. सगळेच येतात.

सर, आता तिनं पाय हलवला. मोज्यातून कळलं. मी थांबले होते, परत लिहिते.

आपलं मैदान म्हणजे नुसता लाल मुरूम, एका बाजूनं उतार. बॉल गेला की थेट सागात जायचा, ज्यानं मारला त्यानं आणायचा. तुम्ही मला उडी मारायला कधी शिकवलं नाय. तुम्ही म्हणायचात, समोरची धावत येतेय ना, येऊ दे. तिच्या पायाकडं बघू नको, पाय खोटं बोलतात, बॉलकडं बघ. ती घाई करील, तू करू नको. हे सगळं मला आलं. एकच आलं नाय, आवाज. तुम्ही म्हणायचात, मागच्याला सगळं मैदान दिसतं, म्हणून मागच्यानं बोलायचं. शाळेत पोरापोरींची टीम एकच, दादा माझ्या मागं गोलात. बॉल आमच्या दोघांच्या मधे आला की एकानं तरी बोलायचं. मी सोडला तर मी ओरडायचं "तुझा!" आणि त्यानं घ्यायचा. घरात मला कोणी मोठ्यानं बोलू दिलं नव्हतं, इथं एकदम कसं ओरडू. मी म्हणायची "तुझा", आणि तुम्ही कानाला हात लावायचात.

"कोणाला सांगतेस? मुंगीला?"

"दादाला."

"दादा तिकडं आहे. मुंगी इथं आहे. परत."

मग एका रविवारी आम्हाला सगळ्यांना शिरपामाळावर नेलंत, चालत. तिकडं शहरातले लोक गाड्या घेऊन आले होते, फोटो काढत होते. तुम्ही आम्हाला कड्यापाशी उभं केलंत आणि म्हणालात, पलीकडच्या डोंगराला सांगा. पोरं ओरडायला लागली, "माझा! तुझा! सोड! मागं बघ!" शहरातली एक बाई पोराला जवळ ओढून म्हणाली, "काय झालं हो यांना?" तुम्ही एकदम गंभीर तोंड करून म्हणालात, "काय नाय ताई, पोरं डोंगराशी भांडतायत." माझी पाळी आली तेव्हा मी तोंड उघडलं आणि काही निघालंच नाय. तुम्ही माझ्या मागं उभे होतात. हळू बोललात, फक्त मला ऐकू येईल असं, "भीती वाटते ना? मग तीच ओरड. भीतीला आवाज मोठा असतो." आणि मी ओरडले, सर. पलीकडून परत आलं, तुझा, तुझा, तुझा. मला वाटलं डोंगर मला काही तरी देतोय.

पण डोंगर वेगळा आणि मॅच वेगळी. जव्हारच्या मैदानावर मी परत गप्प बसले. बॉल माझ्या आणि दादाच्या मधे आला, हळू, टप्पे खात. मला वाटलं दादा घेईल. दादाला वाटलं मी मारीन. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो आणि तो आमच्या मधून गोलात गेला, कोणी मारला पण नव्हता नीट. लोक हसले. तुम्ही मैदानावर एक शब्द बोलला नाय. शाळेत आल्यावर आम्हा दोघांना स्वयंपाकघराच्या पायरीवर बसवलंत. मावशीला म्हणालात, "या दोघांना चहा दे, दोघं एकमेकांना फार मान देतात." मग मला विचारलंत, "तुला येत नव्हता का अडवायला?" मी म्हणाले, "येत होता." "मग?" मी खाली बघत होते. "मग मागं का नाय दिलास? कमीपणा वाटला?" मी मान हलवली, हो म्हणून. तेव्हा तुमचा आवाज बदलला. तुम्ही म्हणालात, "मागच्या माणसाला देणं यात कमीपणा नसतो, बाय. मी मुंबईत कितीतरी बघितले, एकट्यानं सगळ्यांना अडवायला जाणारे. मी पण तसाच गेलो, हा बघ गुडघा. तो मागं कशाला उभा असतो? तुझ्यासाठीच. पण देताना ओरडून द्यायचं. न बोलता सोडलं तर ते देणं नाय, ते टाकणं." मी रडले. दादानं त्याचा चहा माझ्या कपात ओतला. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला हे मोजे दिलेत, तांदळानं भरलेल्या सुपावर ठेवून निघून गेलात.

आणि मग तुम्ही काय केलंत, सर? मला तुमचा राग येतो. एवढं सगळं शिकवून तुम्ही स्वतः काय केलंत? त्या दिवशी आपल्याच मैदानावर मॅच होती, तुम्ही जांभळीखाली खुर्चीवर बसला होता. रोज तुमचा आवाज सागाच्या पलीकडं ऐकू जायचा, त्या दिवशी एक शब्द नाय. आम्हाला वाटलं आज आम्ही वाईट खेळतोय म्हणून सर रागावलेत. म्हणून आम्ही अजून जोरानं खेळलो. मी त्या दिवशी एकदाही गप्प बसले नाय, सारखी ओरडत होते, तुम्ही ऐकावं म्हणून. दादानं दोन बॉल काढले. जिंकलो आम्ही. मी पळत तुमच्याकडं आले, म्हणाले, "सर, ऐकलंत ना?" तुमचा हात शर्टात, छातीवर. तोंडावर एवढा घाम. डोळे माझ्याकडं होते पण तुम्ही मला बघत नव्हता. जीप आली, तुम्हाला जव्हारला नेलं, तुम्ही परत आला नाय. मावशी चुलीपाशी कपाळ बडवून घेत होती, "सकाळपासून दुखत होतं, मला म्हणाले पोरांना सांगू नको, मॅच आहे."

सगळं मैदान तुमच्याभोवती होतं, सर. एवढी पोरं. एकाला जरी आवाज दिला असतात. आम्ही तुमच्या गप्प बसण्याला राग समजलो. आता इथं सगळे माझ्या पोराच्या गप्प बसण्याला गुण समजतात.

पुढं मी शाळा सोडली. कोणी सोडवली नाय, सुटली. दादा जव्हारला जीप चालवतो, मोखाड्याच्या रस्त्यावर, रविवारी गाडी बाजूला लावून आपल्या मैदानावर पोरांना शिकवतो, तुमच्यासारखाच कानाला हात लावतो म्हणे. मी या पाड्यावर आले. नवरा चांगला आहे, सर, मारत नाय, पीत नाय. भात कापून झाला तसा वसईकडं बांधकामाला गेला, पाड्यातले कामाचे सगळे गेले, घरांना कड्या लावून, म्हातारी माणसं तेवढी राहिली. फोन एकच, तो त्याच्याबरोबर. मला दिवस होते ते पुढच्या महिन्यात भरणार होते, तो म्हणाला मी तेव्हा येतो. आशाताई घरच्या लग्नाला नाशिकला गेली, ती पण म्हणाली, अजून वेळ आहे, मी येते. सगळ्यांनी बरोबर हिशोब केला होता, पोरीनंच केला नाय. परवा पाणी भरून आले आणि कळा सुरू झाल्या, आणि ज्या जिपा दवाखान्यात नेतात त्या बोलवायला पण वरच्या टेकाडावर चढून फोन लावावा लागतो, आणि फोन कोणाकडं. सासू सुईणीला घेऊन आली.

काल सकाळी मी म्हणाले, "आत्या, हिला दवाखान्यात नेऊ."

सासू म्हणाली, "पाचवी झाल्याबिगर?"

आमच्याकडं पाचवी पुजेपर्यंत पोर उंबऱ्याच्या बाहेर काढत नाय. आई पण नाय. माझ्या आईकडं पण तसंच होतं, मला त्यात वाईट काही वाटलं नव्हतं कधी. मी म्हणाले, "ती दूध ओढत नाय. पाय गार आहेत."

"थंडीचे दिस हायेत, गार असणारच. माझे बघ, माझे पण गार." तिनं खरंच तिचा पाय माझ्या हाताला लावला. "निजू दे तिला. गुणाची हाय."

ती पाण्याला गेली तेव्हा मी उठले. पोरीला छातीशी बांधलं, ओहळापर्यंत जायचं, तिथून रस्ता, कोणाची तरी गाडी मिळेल, एवढंच डोक्यात. उंबऱ्यापर्यंत गेले आणि डोळ्यांपुढं काळं आलं. रक्त फार गेलंय माझं. कुडाला धरून खाली बसले, पोर हातातून सोडली नाय तेवढंच. सासूनं येऊन बघितलं, मला वाटलं आता बोलेल. ती हंडा बाहेरच टाकून धावत आली, मला ओढून अंथरुणावर घेतलं आणि माझ्या पायाशी बसली. मग तिनं मला ते सांगितलं जे या घरात कोणी बोलत नाय.

तिचा पहिला मुलगा होता. त्या वाईट सालातला, जेव्हा इकडच्या पाड्या-पाड्यातून पोरं भुकेनं गेली. तो पण असाच बारीक. बाहेरून लोक आले, म्हणाले, लगेच दवाखान्यात न्या. पाचवी व्हायची होती. हिच्या सासूनं नको म्हटलं, पण हिनं ऐकलं नाय, टोपलीत घालून डोक्यावर घेतला आणि चालली. रस्ता यायच्या आधी टोपलीत बघितलं तर तो गेला होता. "भायेरचा वारा लागला," सासू मला म्हणाली. "घरात होता तवर व्हता." ती रडत नव्हती. तिला कसं सांगू की तो घरात पण राहिला नसता, की अजून लवकर निघायला पाहिजे होतं? इतकी वर्षं ती त्या टोपलीतच बघतेय. मी सांगितलं असतं तर तिच्या हातून तो दुसऱ्यांदा गेला असता.

म्हणून मी गप्प बसले. आणि पोर पण गप्प. आणि सासू पण, गुणाची गुणाची म्हणत, मधूनच हात चुलीवर धरून गरम करते आणि मोज्याच्या वरून पाय दाबून बघते. मी बघितलंय तिला. तिला पण कळलंय, सर. झोपली ती पण नाय.

सासऱ्याला सांगू म्हटलं तर त्याला कमी ऐकू येतं. त्याच्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं ओरडायला लागतं, आणि माझ्या अंगात तेवढा जोर नाय. आणि सासूच्या समोर मी कसं ओरडू, की हिचं ऐकू नको.

आता जरा थांबले होते. सासू चुलीपासून उठून आली, पेज घेऊन. माझ्या हातातला कागद बघितला.

"काय लिहितंस एवढं? रामायण?"

"शाळेतल्या सरांना."

"कोण? ते मोजेवाले? ते मेले ना?"

"हो."

तिनं पेजेची वाटी खाली ठेवली. पोरीकडं बघितलं. तिच्या गालाला बोटाची मागची बाजू लावली आणि तशीच ठेवली, बराच वेळ. मग म्हणाली, "मेलेला माणूस काय गाडी घेऊन येणार हाय? लिहायचं तर जित्या माणसाला लिही." मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिनं हंडा उचलला, कमरेवर घेतला आणि म्हणाली, "मी पाण्याला जाते. मला येळ लागंल." आणि गेली.

सर, हंडा भरलेला होता. पायऱ्या उतरताना त्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं, मी इथून बघितलं.

सासऱ्याच्या कोंबड्या बांधून झाल्यात, तो टोपी शोधतोय. त्याला वाचता येत नाय, पण त्याला हातात कागद दिला आणि पोरीकडं बोट दाखवलं की तो नेईल. मोखाड्यात तो ज्या दुकानात मीठ-तेल घेतो तिथला माणूस वाचतो. हे शेवटलं पान मी वर ठेवणार आहे. बाकीची तुमची, ती कोणी वाचली नाय तरी चालतील, चुलीत घातली तरी चालतील.

एक सांगते आणि थांबते. मला तुम्हाला लिहायचं नव्हतंच, सर. मला पहिल्यापासून दादालाच सांगायचं होतं. पण जित्या माणसाकडं मागायची लाज वाटली, म्हणून तुमच्यापासून सुरुवात केली. मेलेला माणूस नको म्हणत नाय.

आता जो कोण हे वाचत असेल त्याला. या कागदाच्या उलट्या बाजूला, हात जोडलेल्या माणसाच्या फोटोखाली, माझ्या भावाचा नंबर लिहिलाय. त्याला फोन करा. गाडी चालवताना तो उचलत नाय, नाय उचलला तर परत करा, परत परत करा. त्याला सांगा, बहिणीला वेळेच्या आधी पोर झालीय. ती रडत नाय, दूध ओढत नाय, गार पडतेय. जीप घेऊन आमच्या पाड्याखालच्या ओहळापर्यंत ये, तिथून वर चालत, आणि दोघींना उचलून ने. घरचे अडवणार नायत. आणि त्याला सांगा, ती म्हणाली, तुझा. मोठ्यानं सांगा.